बूट-प्रतिमांचे अद्ययावतीकरण आणि जुन्या कर्नलचे जतन : लिनक्सच्या इतिहासातील एक प्रकरण

१. प्रास्ताविक

संगणकाच्या इतिहासात यंत्रांची वाढती गती, स्मृतीची वाढती क्षमता आणि मोठ्या कंपन्यांचा उदय यांना ठळक स्थान मिळते. यंत्र सुरू होतानाच्या पहिल्या काही सेकंदांचा इतिहास मात्र सहसा लिहिला जात नाही. वास्तविक, याच काही सेकंदांत यंत्र चालणार की नाही हे ठरत असते. एखाद्या बँकेचा, रुग्णालयाचा किंवा विद्यापीठाचा सर्व्हर दूरच्या खोलीत असतो. अद्ययावतीकरणानंतर तो पुन्हा सुरू झाला नाही, तर त्याच्यावरील माहिती शाबूत असूनही ती कोणाच्याच उपयोगाची राहत नाही. प्रस्तुत निबंधात लिनक्स या मुक्त कार्यप्रणालीतील बूट-प्रतिमांच्या अद्ययावतीकरणाचा ऐतिहासिक आढावा घेतला आहे.

विषय समजण्यासाठी दोन संज्ञा आरंभीच स्पष्ट केल्या पाहिजेत. कर्नल म्हणजे कार्यप्रणालीचा गाभा. प्रोसेसर, स्मृती आणि जोडलेली उपकरणे यांचे नियंत्रण तो करतो. बूट-प्रतिमा म्हणजे कर्नलच्या सोबत स्मृतीत चढवली जाणारी एक लहानशी, तात्पुरती फाइल व्यवस्था. खऱ्या हार्डडिस्कपर्यंत पोहोचण्यासाठी लागणारे ड्रायव्हर आणि आज्ञावल्या तिच्यात असतात. एकाच यंत्रावर दोन, तीन किंवा अधिक कर्नल ठेवलेले असतील, तर प्रत्येकाची स्वतंत्र प्रतिमा लागते. मग प्रश्न असा उभा राहतो की, काही बदल झाल्यावर यांपैकी कोणत्या प्रतिमा नव्याने तयार कराव्यात? केवळ नवीनतम, केवळ सध्या चालू असलेली, की सर्व?

प्रश्न वरवर किरकोळ वाटतो. तथापि, गेल्या तीन दशकांत वेगवेगळ्या लिनक्स वितरणांनी त्याची वेगवेगळी उत्तरे दिली आहेत. 'जुने' आणि 'खात्रीचे' या दोन गोष्टी एक नाहीत, हे सूत्र त्या उत्तरांच्या मुळाशी आहे, असे या निबंधाचे प्रतिपादन आहे.

२. पूर्वपीठिका : युनिक्समधील जुन्या कर्नलची प्रत

नवे कर्नल बसवताना जुने हाताशी ठेवण्याची प्रथा लिनक्सच्या आधीची आहे. १९७९ च्या सातव्या आवृत्तीच्या युनिक्समध्ये यंत्र सुरू करताना चालकास कर्नलच्या फाइलचे नाव टंकावे लागे. ते नाव सामान्यतः 'युनिक्स' असे असे. परंतु दुसऱ्या नावाची फाइल डिस्कवर असल्यास तिचे नाव देता येई. बर्कली विद्यापीठात विकसित झालेल्या युनिक्समध्ये कर्नलची फाइल 'व्हीएमयुनिक्स' या नावाने ओळखली जाई. नवे कर्नल जागेवर ठेवण्यापूर्वी आधीच्या फाइलला 'ओल्डव्हीएमयुनिक्स' असे नाव देण्याचा परिपाठ होता. लिनक्समधील 'व्हीएमलिनझ' हे नाव याच परंपरेतून आले असून त्यातील शेवटचे अक्षर फाइल संकुचित केल्याचे निदर्शक आहे.

बर्कलीच्या वारशातून पुढे आलेल्या फ्रीबीएसडी या कार्यप्रणालीने हा परिपाठ यंत्रावर सोपवला. नवे कर्नल बसवले की आधीचे आपोआप 'कर्नल.ओल्ड' या नावाने जतन होऊ लागले. या सोयीत एक सापळा होता. पहिले नवे कर्नल सदोष निघाले आणि ते दुरुस्त करून दुसऱ्यांदा बसवले, तर 'कर्नल.ओल्ड' या नावाखाली पहिले सदोष कर्नलच जाऊन बसे. त्याआधीचे, नीट चालणारे कर्नल त्यामुळे पुसले जाई. म्हणूनच फ्रीबीएसडीच्या मार्गदर्शिकेत, चालत असल्याची खात्री असलेल्या कर्नलची प्रत वेगळ्या नावाने ठेवावी, असा इशारा देण्यात आला. 'जुने' हे नाव केवळ काळाचा क्रम सांगते, विश्वासार्हतेची हमी देत नाही, हे या उदाहरणावरून प्रथमच स्पष्टपणे दिसून येते.

३. लायलो आणि पत्त्यांचा नकाशा

लिनस टॉरवाल्ड्स यांनी १९९१ च्या ऑगस्टमध्ये आपल्या प्रकल्पाची वार्ता दिली आणि सप्टेंबरमध्ये लिनक्सची पहिली आवृत्ती उपलब्ध झाली. आरंभीच्या काळात लिनक्स बहुधा फ्लॉपीवरून सुरू करीत. मूळ फाइल व्यवस्था कोणत्या डिस्कवर आहे, याची नोंद कर्नलच्या फाइलमध्येच असे आणि ती 'आरडेव्ह' नावाच्या उपयुक्त आज्ञेने बदलता येई. कर्नल एकच असल्याने निवडीचा प्रश्न नव्हता.

१९९२ मध्ये वेर्नर आल्मेसबर्गर यांनी 'लायलो' हा बूट लोडर तयार केला आणि हार्डडिस्कवरून एकापेक्षा अधिक कर्नल निवडून चालवणे सुलभ झाले. त्याच्या रचना-फाइलीत प्रत्येक कर्नलसाठी स्वतंत्र विभाग आणि त्याला ओळखीचे नाव असे. तथापि, लायलोला फाइल व्यवस्थेची भाषा कळत नव्हती. कर्नलची फाइल डिस्कवरील कोणकोणत्या खंडांत आहे, त्या पत्त्यांचा एक नकाशा तो आधीच तयार करून ठेवी. यंत्र सुरू होताना फाइलचे नाव न पाहता केवळ हे पत्ते वाचले जात.

या रचनेचा परिणाम दूरगामी होता. कर्नलची फाइल नव्याने लिहिली की तिचे पत्ते बदलू शकत. त्यानंतर लायलोची आज्ञा पुन्हा दिली नाही, तर नकाशा जुन्या जागा दाखवी आणि त्या जागी आता भलतीच माहिती असण्याचा संभव असे. डिस्कवर नवी फाइल व्यवस्थित असूनही यंत्र सुरू होत नसे. यंत्र सुरू होताना लायलोच्या नावातील चार अक्षरे टप्प्याटप्प्याने पडद्यावर उमटत; गाडे कोठे अडले हे थांबलेल्या अक्षरावरून ओळखावे लागे. त्या पिढीतील अनेक व्यवस्थापकांना दोन अक्षरांनंतर थिजलेला पडदा चांगलाच परिचित होता.

लायलोने आणखी एक गोष्ट दिली. पुढच्या एकाच वेळेपुरते अमुक कर्नल चालवावे आणि त्यानंतर पुन्हा नेहमीचे, असे त्याला सांगता येई. नवे कर्नल थिजले, तर यंत्र बंद करून पुन्हा चालू करताच जुने चालू होई. नव्याची परीक्षा आणि जुन्याची हमी यांचा मेळ घालण्याचा हा प्रारंभीचा प्रयत्न महत्त्वाचा आहे. निबंधाच्या अखेरीस त्याचा पुन्हा संदर्भ येईल.

४. प्रारंभिक रॅमडिस्कचा उदय

१९९० च्या दशकाच्या मध्यास वितरणांपुढे वेगळीच अडचण उभी राहिली. ग्राहकाच्या यंत्रात कोणते स्कझी कार्ड असेल हे ठाऊक नसल्याने सर्व ड्रायव्हर कर्नलमध्येच भरावे लागत. परंतु त्या काळातील संकुचित कर्नल संगणकाच्या खालच्या, मर्यादित स्मृतीत चढवावे लागे आणि त्याचा आकार सुमारे अर्ध्या मेगाबाइटपेक्षा जास्त असून चालत नसे. १९९५ मधील १.२ या आवृत्तीपासून ड्रायव्हर स्वतंत्र मोड्यूलच्या रूपात चढवण्याची सोय स्थिर आवृत्तीत आली होती. तरीही डिस्कचा ड्रायव्हर डिस्कवरच असेल, तर तो वाचायचा कसा? कुलपाची किल्ली पेटीतच राहावी, तशी ही स्थिती होती.

१९९६ मध्ये वेर्नर आल्मेसबर्गर आणि हान्स लेर्मेन यांच्या कामातून 'इनिटआरडी' म्हणजे प्रारंभिक रॅमडिस्क ही व्यवस्था आकारास आली. बूट लोडर कर्नलबरोबर एक छोटी प्रतिमा स्मृतीत आणून ठेवतो. कर्नल ती तात्पुरती मूळ फाइल व्यवस्था म्हणून वापरतो, तिच्यातील मोड्यूल चढवतो आणि खरी डिस्क हाती आली की प्रतिमा बाजूला सारतो. कर्नल लहान ठेवूनही असंख्य प्रकारच्या यंत्रांवर एकच वितरण चालवणे यामुळे शक्य झाले.

या सोयीबरोबर एक नवे बंधन आले. एका कर्नलसाठी तयार झालेले मोड्यूल सामान्यतः दुसऱ्या आवृत्तीच्या कर्नलमध्ये चढत नाही. त्यामुळे प्रत्येक कर्नलला त्याची स्वतःची प्रतिमा अनिवार्य झाली. येथून पुढे 'कर्नल' असे म्हणताना प्रत्यक्षात कर्नल आणि प्रतिमा यांच्या जोडीविषयी बोलले पाहिजे. या जोडीतील कर्नल वितरकाच्या कारखान्यात तयार होतो, तर प्रतिमा बहुधा प्रत्येक यंत्रावर, त्या यंत्राच्या रचनेनुसार, स्थानिक पातळीवर तयार केली जाते. कर्नलची फाइल वर्षभर तशीच राहू शकते. तिची प्रतिमा मात्र एखाद्या आज्ञेसरशी बदलते. अशा वेळी आवृत्ती-क्रमांक जुनाच राहतो, पण जोडी नवी आणि न तपासलेली असते. या विषयातील बहुतेक अडचणींचे मूळ येथे आहे.

५. आवृत्ती-क्रमांकाने नामकरण

'नवे' आणि 'जुने' ही दोनच नावे अपुरी पडू लागल्यावर वितरणांनी फाइलच्या नावातच पूर्ण आवृत्ती-क्रमांक घालण्यास सुरुवात केली. २००२ मध्ये प्रसृत झालेल्या रेड हॅट लिनक्स ७.३ मधील कर्नलचा क्रमांक २.४.१८-३ होता आणि प्रतिमेच्या नावातही तोच क्रमांक असे. २००५ च्या जूनमधील डेबियन ३.१ मध्ये २.६.८-२ असे क्रमांक कर्नल-पॅकेजच्या नावाचाच भाग होते. त्यामुळे दोन कर्नल ही दोन वेगळी पॅकेजे ठरून शेजारी शेजारी नांदू शकत. रेड हॅटच्या पद्धतीत कर्नलच्या पॅकेजचे नाव एकच असल्याने, इतर पॅकेजांप्रमाणे ते 'अद्ययावत' न करता नव्याने 'बसवावे', अशी व्यवस्थापकांना सूचना असे. अन्यथा जुने कर्नल काढून टाकले जाई.

रेड हॅटमध्ये प्रतिमा तयार करणारी 'एमकेइनिटआरडी' ही आज्ञा होती. त्या नावाची प्रतिमा आधीच अस्तित्वात असेल तर ही आज्ञा ती पुन्हा लिहिण्यास नकार देई. त्यासाठी सक्तीचा पर्याय मुद्दाम द्यावा लागे. हा नकार वरकरणी त्रासदायक वाटला, तरी त्यामागे निश्चित भूमिका होती. चालत असलेली जोडी नकळत मोडू नये, ही ती भूमिका होय.

याच सुमारास बूट लोडरही बदलले. एरिख बोलेन यांनी १९९५ मध्ये सुरू केलेला 'ग्रब' १९९९ मध्ये ग्नू प्रकल्पाचा भाग झाला आणि पुढील काही वर्षांत त्याने बहुतेक ठिकाणी लायलोची जागा घेतली. ग्रबला फाइल व्यवस्था वाचता येते. त्यामुळे प्रतिमा नव्याने लिहिल्यावर पत्त्यांचा नकाशा पुन्हा करण्याची गरज उरली नाही. लायलोचा विकास २०१५ च्या अखेरीस थांबला. नकाशा विसरण्याची चूक इतिहासजमा झाली. कोणती प्रतिमा नवी करावी हा प्रश्न मात्र कायम राहिला.

६. इनिटरॅमएफएस आणि डेबियनमधील स्थित्यंतर

२००२ च्या अखेरीस, कर्नलच्या २.५ या विकासशाखेत 'इनिटरॅमएफएस' ही नवी पद्धत दाखल झाली आणि डिसेंबर २००३ मधील २.६.० या आवृत्तीबरोबर ती सर्वत्र पोहोचली. जुन्या पद्धतीत प्रतिमा म्हणजे एका छोट्या डिस्कचीच हुबेहूब नक्कल असे. नव्या पद्धतीत ती 'सीपीआयओ' या जुन्या युनिक्स प्रकारातील, संकुचित केलेली एक गाठोडीवजा फाइल झाली. कर्नल ती थेट स्मृतीत उलगडतो आणि तिच्यातील 'इनिट' ही आज्ञावली चालवतो. अशी दोन गाठोडी एकापुढे एक जोडलेली असली तरी कर्नल ती क्रमाने उलगडू शकतो. या गुणाचे महत्त्व पुढे मायक्रोकोडच्या संदर्भात दिसून आले.

डेबियनमधील जुने साधन उपकरणांची नावे ठेवणाऱ्या 'डेव्हएफएस' या व्यवस्थेवर अवलंबून होते. २००५ मध्ये कर्नलने ती व्यवस्था मोडीत काढायला घेतल्यावर नवे साधन शोधणे भाग पडले. दोन पर्याय पुढे आले. एरिक व्हान कोनायनेनबर्ग यांचे 'येअर्ड' हे साधन त्या विशिष्ट यंत्राला नेमके जेवढे लागेल तेवढेच प्रतिमेत घालत असे. जेफ बेली यांनी उबुंटूसाठी सुरू केलेले 'इनिटरॅमएफएस-टूल्स' मात्र बहुतेक ड्रायव्हर प्रतिमेत घालून ठेवी. पहिल्याची प्रतिमा लहान असे; परंतु डिस्क दुसऱ्या यंत्रात लावली की ती निकामी ठरण्याचा धोका होता. दुसऱ्याची प्रतिमा मोठी, पण सहनशील होती. एप्रिल २००७ च्या डेबियन ४.० मध्ये दुसरे साधन रूढ झाले आणि पुढे येअर्ड मागे पडले. सी-डॅकने २००७ मध्ये प्रसृत केलेली 'बॉस' ही कार्यप्रणाली डेबियनवरच आधारित असून तीत मराठीसह अनेक भारतीय भाषांची सोय आहे. साहजिकच, डेबियनमधील हे निर्णय भारतातील शासकीय व शैक्षणिक संगणकांपर्यंतही आले.

नव्या साधनासोबत 'अपडेट-इनिटरॅमएफएस' ही आज्ञा आली. प्रतिमा निर्माण करणे, अद्ययावत करणे आणि काढून टाकणे ही तिन्ही कामे ती करते. तत्पूर्वी प्रतिमा मुख्यतः कर्नलचे पॅकेज बसताना एकदाच तयार होई आणि नंतर रचना बदलल्यास व्यवस्थापकाला हाताने उपाय करावा लागे. आता प्रतिमेशी संबंधित कोणतेही पॅकेज बदलले की ते स्वतःच प्रतिमा नवी करण्याची मागणी करू लागले. एकाच वेळी अनेक पॅकेजे बदलली तर तीच प्रतिमा पुनःपुन्हा तयार होई. डेबियनच्या पॅकेज व्यवस्थेत 'ट्रिगर' ही सोय आल्यावर अशा मागण्या साठवून अखेरीस एकदाच पूर्ण करणे शक्य झाले.

७. तीन परंपरा

अनेक कर्नल असताना काय करावे, याविषयी या काळात तीन परंपरा स्पष्ट झाल्या.

पहिली डेबियनची. तेथे कर्नलचे नाव न देता अद्ययावतीकरणाची आज्ञा दिली, तर बसवलेल्यांपैकी सर्वांत वरच्या क्रमांकाच्या कर्नलचीच प्रतिमा नवी होते. बाकीच्या प्रतिमा तशाच राहतात. 'ऑल' हा शब्द दिल्यास सर्व प्रतिमा नव्या होतात. रचना-फाइलीत हा निर्णय कायमचा नोंदवून ठेवण्याचीही सोय आहे. काही काळ ही आज्ञा प्रत्येक प्रतिमेची गणिती खूण जपून ठेवत असे आणि प्रतिमा कोणी हाताने बदललेली आढळल्यास ती अद्ययावत करण्यास नकार देई.

दुसरी रेड हॅट आणि फेडोराची. तेथे सर्वसाधारणपणे नव्या कर्नलबरोबर नवी प्रतिमा तयार होते आणि आधीच्या प्रतिमांना नंतरच्या पॅकेज-बदलांचा स्पर्श होत नाही. किती कर्नल ठेवावेत याची मर्यादा असते. अलीकडच्या फेडोरात ती ३ आहे. नोव्हेंबर २००९ मधील फेडोरा १२ पासून प्रतिमा घडवण्याचे काम 'ड्रॅकट' या साधनाकडे आले. त्यालाही सर्व प्रतिमा एकदम घडवण्याची आज्ञा देता येते. परंतु ती देणे हा व्यवस्थापकाचा जाणीवपूर्वक निर्णय असतो.

तिसरी सुझेची. तेथील जुनी 'एमकेइनिटआरडी' ही आज्ञा काही न सांगता दिल्यास बूट निर्देशिकेतील सर्वच कर्नलच्या प्रतिमा नव्याने घडवी. मात्र कोणते कर्नल ठेवावेत याविषयी सुझेने पुढे सूक्ष्म विचार केला. तेथील रचनेत 'नवीनतम', 'त्याच्या आधीचे' आणि 'सध्या चालू असलेले' अशा तीन शब्दांनी जतनाचा नियम लिहिता येतो. यांपैकी तिसरा शब्द विशेष अर्थपूर्ण आहे. चालू असलेले कर्नल क्रमांकाने कितीही मागे असले, तरी ते या यंत्रावर चालते याचा तो प्रत्यक्ष पुरावाच असतो.

या तिन्ही परंपरांची तुलना केल्यास प्रत्येकीची उणीव लक्षात येते. डेबियनच्या पद्धतीत, व्यवस्थापक काही कारणाने खालच्या क्रमांकाचे कर्नल वापरत असेल आणि त्याने कूटबद्ध डिस्कची रचना बदलली, तर बदल केवळ वरच्या क्रमांकाच्या प्रतिमेत जातो. पुढच्या वेळी नेहमीचे कर्नल सुरू करताच प्रतिमेला डिस्क सापडत नाही. रेड हॅटच्या पद्धतीत जुन्या जोड्या अबाधित राहतात, पण त्या जुन्या रचनेतच गोठलेल्या असतात. सर्व प्रतिमा एकदम घडवण्याच्या पद्धतीत रचनेतील एकच चूक एका क्षणी सर्व जोड्यांत शिरते. यादीत तीन कर्नल दिसतात, परंतु परतीची वाट एकही उरत नाही.

८. न बदललेल्या प्रतिमेची जोखीम

या विवेचनावरून जुन्या प्रतिमेला हात लावू नये, असा निष्कर्ष निघू शकेल. २००० च्या दशकात तो बऱ्याच अंशी योग्यही होता. परंतु पुढील दशकातील दोन घटनांनी त्याची मर्यादा दाखवून दिली.

नोव्हेंबर २०१६ मध्ये हेक्टर मार्को आणि इस्माएल रिपोल या संशोधकांनी कूटबद्ध डिस्क उघडणाऱ्या बूट-आज्ञावलीतील एक दोष जाहीर केला. परवलीचा शब्द विचारला जात असताना 'एंटर' ही कळ सुमारे ७० सेकंद दाबून धरली, तर प्रयत्नांची मर्यादा संपून यंत्र सर्वाधिकार असलेला आज्ञा-पडदा समोर आणून ठेवत असे. कूटबद्ध माहिती त्याने उघडत नसली, तरी समोर बसलेल्या व्यक्तीला यंत्रात ढवळाढवळ करण्यास वाव मिळे. येथे लक्षात घेण्याची बाब अशी की, सदोष आज्ञावली प्रतिमेच्या आत होती. पॅकेज अद्ययावत केल्याने डिस्कवरील मूळ प्रत सुधारली; जी प्रतिमा पुन्हा घडवली नाही, तिच्यात दोष तसाच राहिला. यादीतून जुने कर्नल निवडणाऱ्यास तो दोष पुन्हा उपलब्ध होता.

दुसरी घटना मायक्रोकोडची. प्रोसेसरच्या आतील सूक्ष्म आज्ञावली यंत्र सुरू होताना लवकरात लवकर चढवता यावी, म्हणून २०१३ मधील ३.९ या कर्नलपासून ती प्रतिमेच्या अग्रभागी, वेगळ्या गाठोड्याच्या रूपाने जोडण्याची सोय झाली. जानेवारी २०१८ मध्ये 'मेल्टडाउन' आणि 'स्पेक्टर' हे प्रोसेसरमधील दोष जाहीर झाल्यावर नवा मायक्रोकोड तातडीने वितरित करण्यात आला. ज्या प्रतिमेत तो गेला, त्या प्रतिमेने सुरू झालेल्या यंत्रालाच त्याचा लाभ मिळाला. परंतु २२ जानेवारी रोजी इंटेलने स्वतःच, यंत्रे अनपेक्षितपणे पुन्हा सुरू होत असल्यामुळे तेव्हाच्या मायक्रोकोडचे वितरण थांबवावे, असे सांगितले. म्हणजे एकाच महिन्यात दोन परस्परविरुद्ध गोष्टी सिद्ध झाल्या. ज्यांनी जुन्या प्रतिमा अद्ययावत केल्या नव्हत्या, ते जुन्या कर्नलवर गेल्यास असुरक्षित होते. आणि ज्यांनी सर्वच प्रतिमा अद्ययावत केल्या होत्या, त्यांच्याकडे अस्थिर मायक्रोकोड नसलेली एकही प्रतिमा उरली नव्हती.

९. जागेचा प्रश्न

तत्त्वाच्या या चर्चेवर व्यवहारात जागेची मर्यादा पडते. जुन्या बायोसला डिस्कचे पहिले १,०२४ सिलिंडरच वाचता येत. म्हणून डिस्कच्या आरंभी एक छोटा बूट विभाग राखण्याची पद्धत पडली. ती मर्यादा पुढे नाहीशी झाली, पण कूटबद्ध डिस्कमुळे वेगळा विभाग अनेक ठिकाणी टिकून राहिला. दरम्यान प्रतिमा वाढतच गेल्या. सुरक्षाविषयक सुधारणांबरोबर नवनवी कर्नले येत राहिली आणि काही महिन्यांत असे छोटे विभाग भरू लागले.

विभाग भरल्यावर काय होते, हे साधनाच्या रचनेवर अवलंबून असते. डेबियनमधील आज्ञा नवी प्रतिमा आधी वेगळ्या नावाने लिहिते आणि ती पूर्ण झाल्यावरच जुनीच्या जागी आणते. जागा अपुरी पडल्यास काम अर्धवट थांबते, पॅकेज व्यवस्था अडून बसते; पण जुनी प्रतिमा शाबूत राहते. या साध्या क्रमाने असंख्य यंत्रे वाचवली असणार, हे उघड आहे. मात्र एकाच वेळी जुनी आणि नवी अशा दोन प्रतींना पुरेल इतकी जागा असणे ही त्याची पूर्वअट आहे. जागा मोकळी करण्यासाठी घाईने कर्नल काढताना, चालू असलेले कर्नलच काढले जाण्याचा धोकाही याच क्षणी सर्वाधिक असतो.

१०. अलीकडील वळण

गेल्या दशकातील प्रयत्नांची दिशा लक्षणीय आहे. २०१४ मधील रेड हॅट एंटरप्राइझ लिनक्स ७ मध्ये नेहमीची प्रतिमा त्या यंत्रापुरती, आटोपशीर केली गेली आणि तिच्यासोबत सर्वसमावेशक ड्रायव्हर असलेली वेगळी 'बचाव' प्रतिमा ठेवण्यात आली. येअर्ड आणि इनिटरॅमएफएस-टूल्स यांच्यातील जुन्या वादावर हा तोडगा म्हणता येईल. दोन्ही भूमिका दोन वेगळ्या प्रतिमांना वाटून दिल्या गेल्या. ऑक्टोबर २०२५ मधील उबुंटू २५.१० ने डेस्कटॉपसाठी ड्रॅकटचा स्वीकार केल्याने दोन परंपरांमधील अंतर आणखी कमी झाले.

डिसेंबर २०१८ मधील सिस्टमडी २४० या आवृत्तीत बूट-प्रयत्नांची मोजणी आली. नव्या जोडीच्या नावाला शिल्लक प्रयत्नांचा आकडा जोडला जातो. प्रत्येक प्रयत्नागणिक तो घटतो आणि यंत्र यशस्वीपणे सुरू झाले की आकडा काढून टाकला जातो. आकडा शून्यावर आला, तर ती जोडी मागे ढकलून आधीची निवडली जाते. लायलोमधील 'एका वेळेपुरते' या सोयीचेच हे स्वयंचलित रूप होय. जोडी जुनी आहे की नवी यापेक्षा ती उत्तीर्ण झाली आहे काय, याची नोंद येथे यंत्र स्वतः ठेवू लागले.

यापुढील पाऊल एकत्रित कर्नल-प्रतिमेचे आहे. कर्नल, प्रतिमा आणि प्रारंभीच्या सूचना एकाच स्वाक्षरीत फाइलीत बांधल्या जातात. एप्रिल २०२३ मधील फेडोरा ३८ मध्ये आभासी यंत्रांसाठी अशी फाइल उपलब्ध झाली. येथे प्रतिमा यंत्रावर घडत नसल्याने क्रमांक जुना आणि जोडी नवी हा विसंवादच संपतो. त्याची किंमत म्हणजे स्थानिक गरजेनुसार प्रतिमा बदलण्याचे व्यवस्थापकाचे स्वातंत्र्य कमी होते.

११. निष्कर्ष

वरील आढाव्यावरून पुढील निष्कर्ष काढता येतात.

पहिला, प्रतिमांच्या आगमनानंतर विश्वासाचे एकक कर्नल राहिले नाही. कर्नल आणि प्रतिमा यांची जोडी हे ते एकक झाले. जुन्या कर्नलची प्रतिमा नव्याने घडवणे म्हणजे जुन्या नावाखाली नवी, अपरीक्षित जोडी तयार करणे होय.

दुसरा, 'केवळ नवीनतम' किंवा 'सर्व एकदम' यांपैकी कोणताही नियम आंधळेपणाने पाळण्याजोगा नाही. पहिल्या नियमाने दोष जुन्या प्रतिमांत टिकून राहतात. दुसऱ्याने परतीची वाट बंद होते. इतिहासाने सुचवलेला मार्ग क्रमाचा आहे. आधी एक प्रतिमा नवी करावी, तिने यंत्र प्रत्यक्ष सुरू करून पाहावे आणि ती उत्तीर्ण झाल्यावर उरलेल्या जुन्या प्रतिमा एकेक करून नव्या कराव्यात किंवा त्यांची कर्नले काढून टाकावीत. कोणत्याही क्षणी निदान एक तपासलेली जोडी अस्पर्श राहिली पाहिजे.

तिसरा, 'ओल्डव्हीएमयुनिक्स' पासून बूट-प्रयत्नांच्या मोजणीपर्यंतचा प्रवास हा नामकरणाचा प्रवास आहे. आधी काळाचे नाव होते, मग क्रमांकाचे आले आणि आता परीक्षेच्या निकालाचे आले आहे. फ्रीबीएसडीच्या मार्गदर्शिकेने चालकाला जी दक्षता घ्यायला सांगितली होती, तीच आता साधनांच्या रचनेत उतरू लागली आहे. तरीही स्थानिक पातळीवर प्रतिमा घडवणारी यंत्रे आज मोठ्या संख्येने वापरात आहेत. त्यांच्यावर 'ऑल' हा शब्द टंकण्यापूर्वी क्षणभर थांबून परतीच्या वाटेचा विचार करणे, हे काम अद्याप व्यवस्थापकाकडेच आहे.